ऑटमारचा मेलेला दगड

ऑटमार श्टीग्लरचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती, पाठच उठवायची. राय धान्याच्या पावाचे दोन जाड काप, वर डुकराची चरबी, वर मीठ. कॉफी उभ्यानं. सहाला घराबाहेर. पूल ओलांडायचा, मासळीबाजाराच्या अंगानं चढ चढायचा, आणि साडेसहाच्या ठोक्याला त्याची पाथरवटाची टाकी दगडावर असायची. ठोका चर्चच्या घड्याळाचा. घड्याळ कधीमधी चुकायचं, ऑटमार नाही.

आल्टनब्रुकचं मोठं चर्च सहाशे वर्षं उभं आहे आणि सहाशे वर्षं पडतं आहे. पाथरवट उत्तरेकडून नवे दगड बसवत निघतात, ते फिरून परत येईपर्यंत उत्तरेचा भुसा झालेला असतो. त्यामुळे कामाला तोटा नाही. पाथरवटांच्या कारखान्याला गावात खोपट म्हणतात. आता त्याला दगड उचलायची विजेची यारी आहे, गरम पाण्याचा नळ आहे, पण नाव खोपटच राहिलं.

या खोपटात ऑटमारनं एक्केचाळीस वर्षं काढली. दिवसाला सोळा हजार घाव. एकदा त्यानं दिवसभर मोजले होते. पुन्हा मोजायची गरज पडली नाही. आणि एवढ्या घावांत त्याचा एकही दगड मेला नव्हता.

खोपटात दगड बिघडला तर तो फेकत नाहीत. त्याची मयत निघते. चौघं जण त्याला तिरडीवर घेतात, वर काळं कापड, आणि ज्यानं तो बिघडवला तो गडी मागून एकटा चालतो. रडावं लागतं. नीट रडला नाही तर पुन्हा पहिल्यापासून चालायला लावतात. चर्चला एक फेरी मारून दगड अंगणातल्या लिंबोणीसारख्या वाकलेल्या लिंडेनच्या झाडाखाली पुरतात आणि बिघडवणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या फळीवर जुन्या, टोकदार, काळ्या अक्षरांत रंगवतात. एगॉन पुट्स नावाच्या पाथरवटाचे तिथं चार दगड आहेत. मृतांच्या दिवशी तो त्यांना फुलं वाहतो. थोरल्याला जास्त.

फळीवरची नावं गेरलिंडे रंगवायची. गेरलिंडे म्हणजे ऑटमारची बायको. दुकानांच्या, खानावळींच्या पाट्या रंगवणं हा तिचा धंदा. ही जुनी अक्षरं तिच्याइतकी कुणाला जमत नव्हती. प्रत्येक अक्षर कुंपणाच्या खुंट्यांसारखं ताठ, खांद्याला खांदा लावलेलं. दिसायला जबरदस्त, वाचायला कुणाची छाती नाही. परगावचा एक माणूस तिची पाटी पाहून बिअर प्यायला म्हणून औषधांच्या दुकानात शिरला होता आणि खोकल्याचं औषध घेऊन बाहेर आला. पण तिला त्याचं काही नव्हतं.

"वाचता येत नाही म्हणजे कष्ट घेतलेत," ती म्हणायची.

ऑटमारला हे पटायचं. म्हणून तर लग्न टिकलं.

खोपटाचा आणखी एक नियम होता. जो पाथरवट एकही मयत न होता पेन्शनीत जाईल, त्याला उत्तर मनोऱ्याच्या कठड्यावर एक डोकं घडवायची परवानगी. हवं ते डोकं. खालून ते कुणाला दिसत नाही. फक्त कबुतरांना आणि परांचीवरच्या माणसांना. गेल्या सत्तर वर्षांत एकाच माणसाला हा मान मिळाला होता, आणि त्यानं स्वतःच्या डुकराचं डोकं घडवलं होतं. ऑटमारला गेरलिंडेचं डोकं घडवायचं होतं.

बारा वर्षं तो तिची चित्रं काढत होता. ती दुपारी खुर्चीत डुलकी घ्यायची, तेव्हा. त्यामुळे बारा वर्षांच्या सगळ्या चित्रांत तिचं तोंड उघडं होतं.

"ऑटमार, मी अशी दिसते?"

"झोपेत दिसतेस."

"मग मी जागी असताना काढ ना, शहाण्या."

"जागी असतेस तेव्हा हलतेस."

ती चिडायची. पण पेन्शनीला महिना उरला तेव्हा ती गुपचूप न्हाव्याकडे जाऊन केस कुरळे करून आली. दगडात कुरळे केस घडवायला सात आठवडे लागतात हे तिला ठाऊक होतं. ऑटमारनं फक्त एक बारीक टाकी आणखी पाजळली.

पेन्शनीला तेवीस दिवस उरले होते. ऑटमारच्या हातात शेवटचं काम होतं, दगडी पानांची एक जोडी. कळसाच्या दोन तिरक्या कडांवर अशी मुडपलेली पानं असतात, एक उजवीकडे वळलेलं, एक डावीकडे. दोन्हींना आखणीचा फर्मा एकच, जस्ताच्या पत्र्याचा. उजवं करताना सुलटा ठेवायचा, डावं करताना उलटा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

उजवं पान आधीच झालं होतं. दुसऱ्याला अकरा दिवस गेले. मंगळवारी सकाळी दहा वाजता ऑटमारनं दोन्ही शेजारी ठेवली, मागे सरला, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

दोन्ही पानं उजवीकडे बघत होती.

फर्मा उलटवायचा राहिला होता. का राहिला तेही त्याला लगेच आठवलं. त्या सकाळी तो गेरलिंडेच्या नाकाचा विचार करत होता. शेंडा किती बाहेर काढायचा, चौदा सूत की पंधरा. नाक पंधरा सूत ठरलं आणि कळसाला दोन उजवी पानं झाली.

त्यानं नव्या पानावर पोतं टाकलं.

"झालं का रे?" पलीकडच्या ओट्यावरून एगॉननं विचारलं.

"शेवटचा हात फिरवायचाय."

"तुझा शेवटचा हात म्हणजे चार दिवस. आमचा शेवटचा हात म्हणजे मयत." आणि एगॉन स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

ऑटमारनं हिशेब मांडला. प्रत्येक जोडीला एक जादा दगड आणलेला असतो. तो अंगणात पडून होता. त्यातून डावं पान काढायला अकरा दिवस. जरा रेटलं तर दहा. हातात तेवीस. वेळेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एकच होता, की एकशे चाळीस किलोचं एक उजवं पान या जगातून नाहीसं कसं करायचं.

त्यानं कचेरीतल्या फोनवरून घरी फोन लावला.

"गेरलिंडे, तुझी हातगाडी घेऊन बारा वाजता मागच्या दाराशी ये."

"कशाला?"

"एक वस्तू न्यायची आहे."

"केवढी?"

"तुझ्या आईएवढी."

गेरलिंडेनं फोन ठेवला आणि हातगाडी बाहेर काढली. एक्केचाळीस वर्षांत ऑटमारनं खोपटातून खिळासुद्धा घरी नेला नव्हता. म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट झालं होतं.

बारा वाजता सगळे सूप प्यायला आत गेले. ऑटमार म्हणाला, पोट ठीक नाही. यारी चालवली असती तर आवाज झाला असता. त्यानं पहार घेतली, तीन लाकडी रूळ घेतले, आणि दगड एकट्यानं हातगाडीवर चढवला. नऊ मिनिटं लागली. दोघांना पाच पुरली असती, पण दुसरा माणूस असता तर लपवायचं काय राहिलं असतं?

गेरलिंडेनं पोतं बाजूला करून पाहिलं. तीस वर्षं ती खोपटाच्या फळीवर नावं रंगवत होती. तिला सांगावं लागलं नाही.

"उजवं," ती म्हणाली.

"हं."

"दुसरंही?"

"हं."

"अरे देवा. आणि मी केसांना एवढे पैसे घातले."

ओल्या पाट्यांवर टाकायचं मेणकापड तिच्या गाडीत होतंच. तिनं ते दगडावर पसरलं, कडा नीट खोचल्या. ती पुढं गाडी ओढू लागली, ऑटमार मागून ढकलू लागला. पूल ओलांडला की घर. बारा मिनिटांचा रस्ता.

दोघांच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. मेणकापड काळं होतं.

पहिली बेकरीवाली. पन्नाशीची, ढोल्या अंगाची प्फानेनश्मिटबाई दारात पीठ झटकत होती. तिनं काळं कापड पाहिलं, गाडी पाहिली, मागून मान खाली घालून चाललेला पाथरवट पाहिला, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अगं बाई! ऑटमार, तुझा?"

ऑटमारला खोटं बोलता येत नव्हतं. सवयच नव्हती. तो गाडी ढकलत राहिला.

"बोलवतही नाही बिचाऱ्याला," ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षांनी पहिला! थांब, मी येते." आणि दुकानाला कडी लावून ती मागे चालू लागली.

आल्टनब्रुकात मयतीच्या मागे न जाणं वाईट समजतात. माणसाच्या मयतीला गेलं तरी तो माणूस परत भेटत नाही. दगडाच्या मयतीला गेलं की निदान गडी परत भेटतो, असं तिथले लोक म्हणतात. बेकरीवालीच्या मागे खाटीक आला. खाटकाच्या मागे त्याची दोन गिऱ्हाइकं आली, हातात गुंडाळलेलं मटण घेऊन. टपालवाल्यानं सायकल भिंतीला टेकवली.

"कुणाचा रे?"

"ऑटमारचा."

"काय सांगतोस! ऑटमारचा? मग यायलाच पाहिजे."

अग्निशमनवाल्यांच्या ठाण्यात बँडची तालीम चालली होती. बाकीचे जेवायला गेले होते, एकटा ट्यूबावाला सराव करत बसला होता. तो ट्यूबा, तो भलामोठा पितळी कर्णा, गळ्यात घेऊन बाहेर आला आणि चालता चालता वाजवू लागला. एकट्या ट्यूबावर मयतीची चाल ऐकली की म्हशीला झोप लागत नाहीये असं वाटतं. पण माणसांची पावलं आपोआप एका तालात पडली.

पुलाशी आल्यावर गेरलिंडेनं गाडी डावीकडे, घराच्या वाटेनं पुलावर वळवायचा प्रयत्न केला.

"डावीकडे कुठं, गेरलिंडे?" बेकरीवाली म्हणाली. "दुःखात रस्ताही सुचत नाही बाईला. उजवीकडून घे. चर्चला फेरी मारायची असते." आणि खाटकानं गाडीचा दांडा हातात घेतला. त्याचा हात गेरलिंडेच्या मांडीएवढा. गाडी उजवीकडे वळली.

"ऑटमार," गेरलिंडे दातांतल्या दातांत पुटपुटली, "काहीतरी कर."

"काय करू?"

"रड तरी. सगळे तुझ्याकडेच बघतायत."

चर्चची फेरी पूर्ण झाली तेव्हा मागे शंभरावर माणसं होती. आणि फेरीचा शेवट जिथं होतो तिथंच झाला, खोपटाच्या पुढच्या दारात. पाथरवट सूप टाकून बाहेर आले होते. काहींच्या हातात चमचे तसेच होते.

रोसविता काल्टनबाख, खोपटाची मुख्य मिस्त्रीण, पुढं आली. बाई कमी बोलायची. तिनं मेणकापडाचं एक टोक उचललं, खाली पाहिलं, मग ऑटमारच्या ओट्यावरच्या पहिल्या पानाकडे पाहिलं, आणि टोक परत खाली सोडलं.

"दोन्ही उजवी," ती म्हणाली.

ट्यूबावाल्यालाही थांबायचं कळलं.

मग एगॉन पुढं आला. चाळीस वर्षं ज्यानं ऑटमारला "संत ऑटमार" म्हणून चिडवलं, तो.

"मिस्त्रीणबाई, ही मयत धरता येत नाही."

"का?"

"नियम काय आहे? चौघं पाथरवट खांदा देतात. इथं गाडी होती. ओढली कुणी? त्याच्या बायकोनं आणि एका खाटकानं. खाटीक आपल्या खोपटाचा नाही. तिरडी कुठंय? आणि हा रडला का? कुणी पाहिलं? मी तर नाही पाहिलं. माझ्या चारही वेळा मला दोन दोनदा चालायला लावलंत, शेंबूड येईपर्यंत. म्हणजे ही मयत नाही. ही मिरवणूक झाली. दगड मेल्याची नोंद नाही. ऑटमार साफ आहे."

"तुला काय पडलंय रे?" रोसवितानं विचारलं.

एगॉननं झाडाखाली बोट दाखवलं. "माझे चार तिथं पडलेत. बाकीच्यांचे एक, दोन, तीन. म्हटलं, आपल्यातलं एक डोकं तरी वर राहू दे. गेरलिंडेचं तर गेरलिंडेचं."

"तोंड उघडं ठेवून," मागून कुणीतरी म्हणालं. चित्रं सगळ्यांनी पाहिली होती.

रोसविता नियमाच्या वहीशिवाय काही मानत नसे. तिनं वही मागवली. एगॉन म्हणाला ते अक्षरशः खरं होतं. चौघांचा खांदा नाही तर मयत नाही.

"नियम तुझ्या बाजूनं आहे, ऑटमार," ती म्हणाली. "आता तूच सांग. ही मयत होती का?"

ऑटमारनं गेरलिंडेकडे पाहिलं. तिचे कुरळे केस गाडी ओढून एका बाजूला चपटे झाले होते. पाटीला रंग दिल्यावर करायची तसा चेहरा तिनं केला होता. पाटी सुकेपर्यंत मत द्यायचं नाही.

"आणि मयत म्हटलंस तर एवढं लक्षात ठेव," रोसविता म्हणाली, "मागे चाललेल्या प्रत्येकाला तू जेवू घालायचंस. एरवी बारा जण असतात." तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्ता भरला होता. खाटीक आता गाडीला टेकून उभा होता आणि भुकेला दिसत होता.

ऑटमार गाडीपाशी गेला. त्यानं मेणकापड पूर्ण बाजूला केलं. सगळ्यांना दिसलं. पान सुरेख होतं. शिरा अगदी टोकापर्यंत गेलेल्या, मुडपलेल्या कडेखाली बोट घातलं तर मागची बाजूही तासलेली, जिथं सहाशे वर्षं कुणाची नजर जाणार नाही. त्यात खोट एकच होती, की ते उजवीकडे बघत होतं.

"अकरा दिवस मी याला घडवलं," तो म्हणाला. "चुकलो, ते चुकलो. चूक कुणाचीही होते. पण मी याला पोटदुखीचं सोंग करून, मेणकापडाखाली घालून मागच्या दारानं नेत होतो. चोरीच्या मालासारखं." तो थांबला. एवढं लांब तो सहसा बोलत नसे. "दगडानं माझं काही वाईट केलं नव्हतं. त्याला मयत मिळायलाच हवी. चौघं या. खांदा द्या."

"गाढवा, डोकं जाईल," एगॉन म्हणाला.

"जाऊ दे."

"बारा वर्षं चित्रं काढलीस!"

"चित्रं आहेत ना. ती कुणी नेतंय?"

मग ऑटमार रडला. कुणाला सांगावं लागलं नाही आणि दुसऱ्यांदा चालवावंही लागलं नाही. एगॉननं पुढचा डावा खांदा दिला आणि वाटेत दोनदा म्हणाला की माझ्या चारांपैकी एकही एवढा जड नव्हता.

झाडाखाली खड्डा खणला. आता प्रार्थना. चर्चच्या पाद्र्यानं फार वर्षांपूर्वी दगडावर प्रार्थना म्हणायला नकार दिला होता, तेव्हापासून हे काम लॅटिनचे निवृत्त मास्तर विनफ्रिड हासेलब्रिंग करत. मास्तरांना जुन्या गॉथ लोकांची भाषा येत होती. ती बोलणारा शेवटचा माणूस कधीच मेला. उरली आहेत फाटक्या पोथीची काही पानं. ती सगळी मास्तरांना पाठ. जिवंत माणसाशी बोलायची सोय नसल्यामुळे ते दगडाशी बोलत.

"मास्तर, आज थोडक्यात," खाटीक म्हणाला.

मास्तर कधीच थोडक्यात बोलत नसत. आधी त्यांनी नेहमीप्रमाणे तक्रार केली. "या चर्चला लोक गॉथिक म्हणतात. गॉथांनी याची एक वीट रचली नाही! ते कधीच संपले होते. इटलीतल्या शहाण्यांना हे बांधकाम रानटी वाटलं, म्हणून त्यांनी रानट्यांचं नाव याला चिकटवलं."

"म्हणजे आपण जन्मभर शिवी घडवतोय, मास्तर?" एगॉननं विचारलं.

"अगदी बरोबर."

"मग निदान नीट तरी घडवली," ऑटमार म्हणाला.

मास्तरांनी गॉथिक भाषेत दगडासाठी वीस मिनिटं प्रार्थना केली. कुणालाही एक शब्द कळला नाही, त्यामुळे सगळ्यांना ती पटली. त्या भाषेतल्या उरलेल्या पानांत बिअर हा शब्दच नाही, म्हणून शेवटचं वाक्य त्यांना साध्या जर्मनमध्ये म्हणावं लागलं. लोकांनी तेवढ्यावर टोप्या उडवल्या.

आत फळीसमोर गेरलिंडे स्टुलावर बसली होती. काळ्या रंगाची डबी उघडी, चपटा कुंचला हातात. ऑटमार मागे जाऊन उभा राहिला.

"लिहू?" तिनं विचारलं.

"लिही."

"पूर्ण नाव?"

"एगॉनचं पूर्ण आहे. माझंही पूर्ण लिही."

तिला चाळीस मिनिटं लागली. एगॉनच्या प्रत्येक नावाला ती पंधरा मिनिटं घ्यायची. अक्षरं एकमेकांना चिकटून अशी ताठ उभी राहिली की त्यातून वाराही गेला नसता. रोसविता आली, चष्मा लावला, काढला.

"गेरलिंडे, हे वाचता येत नाही."

"माहीत आहे," गेरलिंडे म्हणाली आणि कुंचला धुवायला गेली.

पुढचे दहा दिवस ऑटमारनं जादा दगडातून डावं पान काढलं. फर्मा उलटवून ठेवला की नाही हे तो रोज सकाळी साडेसहाला तपासायचा, आणि एगॉन पावणेसातला. पान कळसावर बसलं. पेन्शनीच्या दिवशी त्याला शेवटच्या महिन्याच्या पगाराचं पाकीट मिळालं. त्यानं ते न उघडता बेकरीवालीच्या हातात दिलं, कारण जेवणाची सगळी व्यवस्था तिनं अंगावर घेतली होती.

शनिवारी दुपारी खोपटाच्या अंगणात टेबलं मांडली. मयतीला आलेले एकशे त्रेचाळीस जण जेवायला आले, आणि मयतीला न आलेले सोळा जण आपणही होतो म्हणून शपथेवर सांगू लागले. त्यांनाही बसवलं. ऑटमार श्टीग्लरच्या एक्केचाळीसाव्या वर्षाच्या शेवटच्या पगारात सहा पिंपं बिअर आली, साडेतीनशे भाजलेल्या सॉसेजेस आल्या, दोन घमेली बटाट्याचं सॅलड आलं, मोहरीच्या चटणीची एक बरणी आली, आणि ट्यूबावाल्याला तिसरं ताट.